खोक्यावरचे ओहम, डिक्कीतले ओहम

गेल्या उन्हाळ्यात मूर्तिजापूरहून एक गाडी आली होती. डिक्कीत बारा इंची सबवूफर, पोर्टचा बॉक्स आणि हजार वॅटचा मोनो ॲम्प. मालक तरुण आणि पुरता वैतागलेला. "दादा, ॲम्प तर हजार वॅटचा हाय. मंग दणका काऊन नाही येऊन राह्यला?" दीड हजार वॅटचा दुसरा ॲम्प घ्यायचे त्याने जवळजवळ पक्के केले होते. मीटर लावून पाहिले, तर गाण्यातला बास जिथे जास्त असतो त्या पट्ट्यात वूफरला जेमतेम दोनशे वॅट पोहोचत होते. ॲम्प चांगला होता, वूफरही चांगला होता. मात्र खोक्यावर छापलेला एक ओहम वाजताना तीन ओहम झाला होता.

जाणकार याला इम्पीडन्स राइज किंवा बॉक्स राइज म्हणतात. सोप्या भाषेत, ओहम चढला. आपणही नवा ॲम्प घेण्याच्या किंवा वायरिंग बदलण्याच्या विचारात असाल, तर पुढची कामे याच क्रमाने करावीत.

१. छापील आकडा कशाचा, ते समजून घ्यावे. वूफरच्या कॉइलला बॅटरीचा सरळ प्रवाह दिला तर ती जो अडथळा करते तो रोध, म्हणजे रेझिस्टन्स. चार ओहमच्या कॉइलवर मल्टिमीटर साधारण ३.२ ते ३.६ दाखवतो, तो हाच. गाणे मात्र उलटसुलट वाहणारा प्रवाह असते. त्याला होणारा एकूण अडथळा म्हणजे इम्पीडन्स, आणि तो प्रत्येक सुरागणिक, म्हणजे प्रत्येक वारंवारितेला, बदलतो. छापलेला 'चार ओहम' हा केवळ ओळखीपुरता आकडा आहे.

इम्पीडन्स का बदलतो, हे वऱ्हाडात विहिरीवरच्या मोटरमुळे चटकन कळते. बटण दाबताक्षणी मोटर भरमसाट अँपिअर ओढते आणि एकदा गरगर फिरू लागली की अँपिअर उतरतात. मोटर जाम झाली, तर अँपिअर उतरतच नाहीत आणि वाइंडिंग जळते. वूफरची कॉइलही चुंबकाच्या फटीत हलणारी मोटरच आहे. ती जितकी वेगाने हलते, तितका उलटा विद्युतदाब स्वतःच तयार करते आणि ॲम्पच्या प्रवाहाला मागे रेटते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की ओहम वाढला. कॉइल जवळजवळ स्थिर असेल, तर हा रेटा नसतो. ओहम खाली येतो, प्रवाह वाढतो आणि कॉइल तापते. हे चित्र ध्यानात असले की पुढचे बरेचसे त्यातूनच सुटते.

२. ॲम्पचा हिशेब कागदावर करून पाहावा. हजार वॅट एक ओहमला देणारा ॲम्प त्या वेळी सुमारे ३१.६ व्होल्ट बाहेर टाकतो. ॲम्पची व्होल्ट देण्याची कमाल मर्यादा ठरलेली असते. तेच ३१.६ व्होल्ट तीन ओहमवर पडले, तर निघतात ३३३ वॅट. सहा ओहमवर १६७. यात ॲम्पच्या कंपनीने फसवले असे नव्हे. तिने एक ओहमचे सांगितले होते, आपल्या गाडीत एक ओहम उरलाच नाही.

वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, हेही या कागदावर लिहून ठेवावे. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. ॲम्प बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी हा हिशेब डोळ्यांसमोर असलेला बरा.

३. गार कॉइल मोजून नोंद ठेवावी. सकाळी, गाडी सावलीत असताना, वूफरच्या तारा ॲम्पमधून सोडवून मल्टिमीटरने रोध मोजावा. त्याआधी मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून पाहाव्यात. मीटर ०.२ किंवा ०.३ दाखवील. हा पिनांचा स्वतःचा रोध असतो, तो वजा करावा. चार ओहमला हा फरक किरकोळ, एक ओहमला मात्र पाव हिस्सा!

डबल कॉइलचा वूफर असेल, तर दोन्ही कॉइल स्वतंत्रपणे मोजाव्यात आणि दोन्ही आकडे जवळपास सारखे यावेत. दोन-दोन ओहमच्या कॉइल समांतर जोडल्या की एक ओहम, एकीमागे एक जोडल्या की चार. असे दोन वूफर असतील आणि चारही कॉइल समांतर असतील, तर अर्धा ओहम. जोडणी कोणती आहे, हे आठवणीवर सोपवू नये. झाकण काढून पाहावे.

४. बॉक्स बंद आहे की पोर्टचा, त्यावरून ओहम कुठे चढणार हे ओळखावे. सगळ्यात मोठे कारण इथे असल्यामुळे इथे वेळ द्यावा.

प्रत्येक वूफरची एक नैसर्गिक कंपनसंख्या असते. बारा इंचीची बहुधा २५ ते ४० हर्ट्झच्या दरम्यान. त्या सुराला कोन कमी कष्टात जास्तीत जास्त वेगाने हलतो, म्हणून उलटा दाबही तिथेच सर्वाधिक. चार ओहमचा वूफर त्या एका सुराला वीस-तीस ओहमचा होऊन बसतो. बंद बॉक्समध्ये बसवला की आतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि हे शिखर वरच्या सुराकडे सरकते. बॉक्स जितका लहान, तितके ते जास्त वर जाते. डिक्कीतली जागा वाचावी म्हणून सुताराकडून चेपून करून घेतलेल्या बॉक्समध्ये शिखर नेमके ५०-६० हर्ट्झवर, ढोलाच्या ठोक्यावर येऊन बसते. ठोका दबतो तो यामुळे.

पोर्टच्या बॉक्सची तऱ्हा वेगळी. त्यात शिखरे दोन, आणि मधे एक खोलगट. बॉक्स ज्या सुराला लावलेला असतो, त्या सुराला हवा पोर्टमधून ये-जा करते आणि कोन जवळजवळ थांबतो. म्हणजे जाम झालेली मोटर. ओहम गार कॉइलच्या आकड्याजवळ उतरतो, प्रवाह सर्वाधिक वाहतो, आणि कोन हलत नसल्याने कॉइलला वाराही लागत नाही. मूर्तिजापूरच्या गाडीत असेच दिसले. आवाजाचे बटण जिथल्या तिथे ठेवून ३६ हर्ट्झला २४ व्होल्ट आणि १५ अँपिअर, म्हणजे १.६ ओहम, ४५ हर्ट्झला २५ व्होल्ट आणि ८ अँपिअर, म्हणजे ३.१ ओहम, ६० हर्ट्झला २५.५ व्होल्ट आणि फक्त ३.६ अँपिअर, म्हणजे ७ ओहमच्या वर. एकच वूफर, एकच बटण, तीन निरनिराळे ओहम.

तेव्हा 'माझा ओहम किती चढला?' हा प्रश्नच अर्धा आहे. कोणत्या सुराला, हे जोडल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. वूफरच्या कागदावर थील-स्मॉल आकडे दिलेले असतात. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी मांडलेल्या या आकड्यांवरून बॉक्सचे माप, पोर्टची लांबी आणि शिखरांच्या जागा आधीच काढता येतात. बॉक्स कापायला देण्यापूर्वी ते सुताराच्या हाती द्यावेत. अंदाजपंचे बॉक्स करणारा सुतार कितीही सुबक काम करो, शिखर कुठे येईल हे त्याच्या रंध्याला कळत नाही.

एक स्थानिक सवय सांगतो. आपल्याकडे कापसाला तोटा नाही, म्हणून बॉक्समध्ये गादीचा कापूस कोंबलेला बरेचदा सापडतो. बंद बॉक्सला आतून मऊ भरण दिले की शिखर थोडे बुटके होते आणि खाली सरकते, हे खरे. पण कापूस दबून गोळा होतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि त्याचे तंतू चुंबकाच्या फटीत शिरू शकतात. उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर सैलसर भरावा. पोर्टच्या बॉक्सला भरण लागलेच, तर भिंतींना चिकटवावे. पोर्टच्या तोंडाशी कधीही नको.

५. गाडीचा हिस्सा धरावा. बॉक्स खोलीत वाजवला आणि डिक्कीत वाजवला, तर दोन वेगळे आकडे येतात. बंद गाडीतली हवा हाही बॉक्सला जोडलेला आणखी एक बॉक्सच असतो. हॅचबॅक आणि मोठ्या एसयूव्हीत डिक्की व बैठक एकच पोकळी असते. सेडानमध्ये मधे सीटचा पडदा येतो. काचा खाली केल्या किंवा दार उघडले की ओहमचा आकडा हलतो. मूर्तिजापूरच्या गाडीत मागचे दार उघडल्यावर ४५ हर्ट्झचा ३.१ ओहम २.८ झाला होता. स्पर्धेसाठी आवाज मोजणारे लोक दारे बंद करूनच मोजतात, त्यामागे हेही कारण आहे.

पोर्टचे तोंड सीटला किंवा डिक्कीच्या दाराला चिकटलेले असेल, तर पोर्ट लांब केल्यासारखा परिणाम होतो आणि बॉक्सचा सूर खाली घसरतो. पोर्टच्या व्यासाइतकी तरी मोकळी जागा समोर ठेवावी. लग्नाला निघताना डिक्कीत बॅगा कोंबल्या की बास 'गेला' असे वाटते, ते उगाच नाही.

६. उन्हाचा हिस्सा वेगळा धरावा. वरचा चढ कोनाच्या हालचालीमुळे होता. हा उष्णतेमुळे आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, ॲल्युमिनियमचाही जवळपास तितकाच. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. उघड्यावर तापलेल्या गाडीच्या आत ६० अंश सहज होतात. सकाळी २५ अंशांना ३.४ ओहम असलेली कॉइल एकही गाणे वाजवण्यापूर्वी ३.९ ओहमची झालेली असते. मग जोरात वाजवत गेले आणि कॉइल १७५ अंशांना पोहोचली, तर तोच आकडा ५.४ च्या घरात जातो. तेवढ्याच व्होल्टला वॅट तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटतात, म्हणजे सुमारे दोन डेसिबल गेले. जाणकार याला पॉवर कॉम्प्रेशन म्हणतात.

इथेच मोठी चूक घडते. आवाज मंदावला म्हणून आपण बटण आणखी फिरवतो, कॉइल आणखी तापते, आवाज आणखी मंदावतो आणि डिक्कीतून जळका वास येतो. वास आला की गाणे बंद करावे, पण इंजिन आणि एसी चालू ठेवावा. गाडी उन्हात उभी होती तर पहिली दहा मिनिटे एसी चालवून मगच बास वाढवावा. ॲम्प सीटखाली गालिच्यात गुंडाळलेला असेल, तर तो हवेशीर जागी हलवावा. त्याचे तापून बंद पडणे आणि कॉइलचा चढ या वेगळ्या तक्रारी आहेत, पण मे महिन्यात दोन्ही एकाच दुपारी येतात.

७. आता वाजवून मोजावे. लागणाऱ्या वस्तू: व्होल्ट मोजायला मल्टिमीटर, अँपिअर मोजायला क्लॅम्प मीटर, आणि पेन ड्राइव्हवर ३० पासून ८० हर्ट्झपर्यंत पाच-पाचच्या अंतराने एकेक सूर. गाणे लावून मोजू नये, आकडा स्थिर राहत नाही.

मीटर साधे असतील तर एक मर्यादा माहीत असावी. ते घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात. ४० ते ६० दरम्यान त्यांचा आकडा भरवशाचा, ३० ला तो ढिला पडतो. ट्रू आरएमएस लिहिलेला मीटर मिळाला तर उत्तम.

क्रम असा ठेवावा. इंजिन सुरू करावे. बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर आणावेत. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून पिना ॲम्पच्या वूफरकडच्या स्क्रूंना लावाव्यात. क्लॅम्प मीटरही एसी अँपिअरवर ठेवून त्याचा चिमटा वूफरच्या एकाच तारेभोवती बसवावा. दोन्ही तारा आत घेतल्या तर मीटर शून्य दाखवतो आणि माणूस तासभर मीटरलाच दोष देत बसतो. दारे लावावीत, काचा वर कराव्यात आणि आपण बाहेर उभे राहून डिक्कीच्या काचेतून आकडे पाहावेत किंवा मीटरचे होल्ड बटण वापरावे. आवाज मध्यम ठेवावा आणि एक सूर पाच सेकंदांहून जास्त वाजवू नये. सलग सूर कॉइलला गाण्यापेक्षा फार लवकर तापवतो. वाजत असताना ॲम्पच्या उघड्या टोकांना हात लावू नये.

प्रत्येक सुराला व्होल्ट भागिले अँपिअर म्हणजे त्या क्षणीचा ओहम. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅटची कमाल मर्यादा. प्रत्यक्ष वॅट त्याहून थोडे कमीच असतात, कारण शिखराच्या दोन्ही उतारांवर व्होल्ट आणि अँपिअर एकत्र चढत-उतरत नाहीत. दहा मिनिटे नेहमीचे गाणे वाजवून पुन्हा मोजावे. मूर्तिजापूरच्या गाडीत ३६ हर्ट्झचा १.६ ओहम तेवढ्यात १.९६ झाला. कोनाच्या हालचालीत काही बदल झालेला नसताना झालेली ही वाढ जवळजवळ सगळी उष्णतेची.

८. विजेचा पुरवठा तपासल्याशिवाय ओहमला दोष देऊ नये. मोजताना बॅटरीवरचे आणि ॲम्पवरचे डीसी व्होल्टही पाहावेत. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ हवेत. बासच्या ठोक्याला ॲम्पवर ते १२ च्या खाली जात असतील आणि बॅटरीवर जात नसतील, तर दोष तारेत किंवा अर्थिंगमध्ये आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार बाजारात सर्रास मिळते. त्याच जाडीच्या शुद्ध तांब्यापेक्षा तिचा रोध सुमारे दीडपट. अर्थिंगचा बोल्ट रंगावर बसवलेला असेल, तर पत्रा घासून चकचकीत करावा.

मूर्तिजापूरच्या गाडीत नेमका हाच बोल्ट सापडला. सीटबेल्टच्या बोल्टाखाली, रंगावर, आणि वॉशर गंजलेला. तो काढून डिक्कीच्या पत्र्यावर जागा घासून नवा बोल्ट दिला. पोर्टच्या तोंडाला टेकलेली स्टेपनी हलवली. ठोक्याला पडणारे व्होल्ट सावरले आणि मालकाचा चेहरा बराच निवळला.

वूफरची तारही बारीक नसावी. दोन मीटर अंतराला घरगुती वायरिंगमधली अडीच चौरस मिलिमीटरची तार पुरते. एक ओहमच्या जोडणीला चारची घ्यावी. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज हवाच. ओहम चढल्यामुळे प्रवाह कमी वाहतो आणि फ्यूज कधी उडत नाही, म्हणून तो मोठा किंवा थेट जोडलेला चालेल असे समजू नये. खोलगटातल्या एका लांब सुराला प्रवाह पूर्ण वाहतो.

९. मगच निर्णय घ्यावा. 'तसाही ओहम चढणारच आहे, तर अर्ध्या ओहमवर जोडू' असा सल्ला आपल्याला नक्की मिळेल. ॲम्पवर किमान एक ओहम लिहिले असेल, तर तो मानू नये. चढ सगळ्या सुरांना सारखा नसतो, हे आपण मोजून पाहिले आहे. आज बॉक्सचा सूर ३६ ला आहे आणि गाण्यातला बास ४५ ला, म्हणून ॲम्प तगतो. उद्या नव्या गाण्यात ३६ चा लांब सूर आला की ॲम्पला त्याच्या मर्यादेखालचा ओहम भेटतो.

छापील जोडणी ॲम्पच्या मर्यादेत ठेवून खर्चाचा क्रम असा असावा: आधी अर्थिंग आणि तारा, मग बॉक्सची गळती आणि पोर्टसमोरची जागा, मग बॉक्सचे माप, आणि ॲम्प सर्वांत शेवटी. बॉक्सची गळती साबणाच्या फेसाने सापडते. सांध्यांना फेस लावून कोन हलकेच आत दाबावा, बुडबुडे येतील तिथे सिलिकॉन भरावे. नवा बॉक्स करायचा असेल, तर आपल्या गाण्यांचा बास जिथे असतो तिथे शिखर येणार नाही असे माप धरावे. पोर्टच्या बॉक्सला अगदी खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर बॉक्सच्या सुराच्या सहा-आठ हर्ट्झ खाली लावावा. त्याखाली कोन बेलगाम हलतो. ॲम्प घ्यायचाच ठरला, तर 'एक ओहमला किती' हे विचारण्याऐवजी आपण मोजलेल्या ओहमला, समजा दोन किंवा चारला, किती वॅट देतो ते विचारावे.

१०. कानाची परीक्षा एकाच रस्त्यावर घ्यावी. अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा गिनीज विक्रम झाला. अशा गुळगुळीत डांबरावर टायरची घरघर कमी असते आणि तोच बास तिथे भरदार वाटतो. गावरस्त्याला लागताच घरघर खालच्या सुरांना झाकते आणि आपण पुन्हा बटणाकडे हात नेतो. फरक ऐकायचा तर रस्ता, वेग आणि गाणे तेच ठेवावे.

मोजणीसाठी वस्तीबाहेरची मोकळी जागा, शेताचा बांध किंवा मैदान निवडावे. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. सकाळी सात-साडेसातची वेळ सर्वांत सोयीची. कॉइल गार असते, ऊन चढलेले नसते, आणि नवव्या मुद्द्यापर्यंतचे सगळे आकडे नाश्त्याआधी वहीत उतरलेले असतात. वहीचे ते पान ॲम्पच्या बाजूला चिकटवावे: तारीख, सूर, व्होल्ट, अँपिअर, ओहम, आणि कॉइल गार की गरम.